आठवणीपुरती ओळ

ब्रुसेल्स, ६ सप्टेंबर

प्रिय केर्तू मावशी,

माझ्या मागच्या पत्रातल्या तीन चुका तू लाल शाईनं दाखवून परत पाठवल्यास. तिन्ही बरोबर होत्या. चौथी मला सापडली. ती तुझ्या नजरेतून सुटली याचीच काळजी वाटतेय. तुझी तब्येत ठीक आहे ना?

इथं अर्थसंकल्पाचा हंगाम सुरू झालाय. सत्तावीस देशांच्या संघाचा वर्षाचा सगळा खर्च एका पुस्तकात मांडलेला असतो, आणि त्यातली प्रत्येक ओळ कुणाचं तरी पोट असते. आपली सीकानिएमीची पुलाजवळची डायलिसिसची खोली ओळ दोनशे चौदामध्ये येते. 'सीमेवरच्या नद्यांकाठचे सामायिक दवाखाने.' असे दवाखाने एकूण तीन, आणि तिन्हींना मिळून नऊ लाख युरो. आमचं सरकार म्हणतं नदीपलीकडच्या देशानं द्यावेत, तो म्हणतो आम्ही द्यावेत, म्हणून संघ देतो. सगळ्या देशांच्या मंत्र्यांनी जुलैमध्ये ही ओळ कापली. घाबरू नकोस. ते दर वर्षी कापतात आणि संसद दर वर्षी ती परत लावते.

पण यंदा पैसा खरंच कमी आहे. संसदेतल्या आमच्या गटाच्या छोट्या ओळी माझ्या साहेबांकडे, राउनोंकडे आल्या आहेत. एक्केचाळीस ओळी. प्रत्येकीला क्रम लावायचा: आधी, नंतर, आणि थांबेल अशी. यादीचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलंय. प्रत्येक ओळीसाठी एक अर्ज आहे आणि त्यात शेवटचा प्रश्न असा: 'पुढच्या वर्षी पैसे आले नाहीत तर काय होईल?'

मला इथं बसून उत्तर लिहिता आलं असतं. पण तुमच्या वतीनं मी बोलणं मला बरोबर वाटत नाही. गुरुवारी कॉफीच्या वेळी खोलीत सगळ्यांना विचार, आणि जे म्हणतील ते लिहून पाठव.

राउनोंनी तुझ्या सामन माशाच्या सूपची आठवण काढली. म्हणाले, "वेन्ला, त्या स्वयंपाकघरात बसून मी शब्द दिलाय. मी इथं आहे तोवर ती खोली बंद होत नाही." दोनदा म्हणाले म्हणून लिहिते. एकदाच म्हणाले असते तर लिहिलं नसतं.

ओइवा काकांचं वजन किती आहे? खरं सांग.

तुझी
वेन्ला

*

सीकानिएमी, १५ सप्टेंबर

वेन्ला,

चौथी चूक मला दिसली होती. तुला सापडते का ते बघत होते.

गुरुवारी विचारलं. सातही रुग्ण हजर होते, आमच्या काठचे चार आणि पलीकडचे तीन. सिर्पा नर्सनं यंत्रं लावली, मी कॉफी ओतली, चीजचे तुकडे वाटले. पलीकडच्यांचं घड्याळ एक तास मागं असल्यामुळे हुल्दा नेहमीसारखी ओइवाला म्हणाली, "तू माझ्यापेक्षा एक तासानं म्हातारा आहेस, तेव्हा चीज आधी मला." ती एक्क्याऐंशीची आहे, हा त्र्याहत्तरचा.

मी तुझा प्रश्न वाचून दाखवला. मग हुल्दा म्हणाली, "बंद झाली तर? निभावून नेऊ की."

विल्हेल्म म्हणाला, "युद्धात सगळं गाव जाळलं होतं तेव्हा निभावलं. एका खोलीचं काय एवढं?"

ओइवा म्हणाला, "शहरातलं इस्पितळ एकशे चाळीस किलोमीटरवर. आठवड्यातून तीनदा. रक्त धुवायला इतक्या लांब? इतक्या लांब तर मी बायको आणायलाही गेलो नव्हतो."

सगळे हसले. मग तोही म्हणाला, निभावून नेऊ.

बाकीच्यांनी माना डोलावल्या. तेव्हा सातही जणांचं उत्तर एकच आहे: निभावून नेऊ. तेच लिही.

केर्तू

ता. क. ही जागा मी तिच्याकडून मागून घेतली आहे. तुझ्या मावशीला सांगू नकोस, पण तिचं कॉफी ओतणं सरकारी असतं, प्रत्येकाला मोजून तेवढीच. तू आलीस की आपण वाडगाभर पिऊ. राउनोला म्हणावं, पुढच्या खेपेला सूप प्यायला यायचं तर मासा स्वतः पकडायचा. — ओइवा

*

ब्रुसेल्स, २४ सप्टेंबर

प्रिय मावशी,

तुमचं उत्तर अर्जाच्या चौकटीत लिहिलं आणि तिथंच अडकले.

आपल्याकडे बर्फात गाडी रुतली तरी माणूस म्हणतो निभावून नेऊ. गोठा कोसळला, नवरा गेला, तरी हेच. जो खरोखर सुखात आहे तो हे शब्द कधीच उच्चारत नाही. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. पण हा अर्ज वाचणारे सत्तावीस देशांतले आहेत. त्यांच्याकडे कुणाला काही हवं असलं की तो टेबलावर मूठ आपटतो. बाकीच्या चाळीस अर्जांत काय लिहिलंय ते मी वाचलंय. एका बोटीच्या संग्रहालयानं लिहिलंय, पैसे आले नाहीत तर "संस्कृतीचा अंत होईल".

मी तुमच्या उत्तराखाली एक वाक्य जोडू का? 'याचा अर्थ निभणार नाही.' एवढंच.

राउनोंना विचारलं. ते म्हणाले, "काही जोडू नकोस. जसं आहे तसं ठेव. खऱ्या बोलण्यात ताकद असते."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण तुला विचारल्याशिवाय अर्ज देववत नाही. शुक्रवारपर्यंत मुदत होती, ती मी आठवडाभर वाढवून घेतली.

वेन्ला

*

सीकानिएमी, १ ऑक्टोबर

वेन्ला,

शाळा साठ किलोमीटरवर, तुझी आई कागद गिरणीत पाळीवर, म्हणून नऊ वर्षांची होईपर्यंत तू माझ्या टेबलाशी शिकलीस. तेव्हा मी तुला भूगोल शिकवला असेल, भागाकार शिकवला असेल, तो तू विसरलीस तरी चालेल. एक मात्र विसरायचं नाही. दुसऱ्याच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत.

'निभणार नाही' असं हुल्दानं म्हटलेलं नाही. आपल्या नावावर कुणी असं लिहिलं हे तिला कळलं, तर ती त्या खोलीत पुन्हा पाय ठेवणार नाही. आम्ही मागायला बसलेलो नाही. तू विचारलंस, आम्ही सांगितलं.

जे म्हणाले ते लिही. राउनो बरोबर सांगतो.

ओइवाचं वजन एकोणसत्तर. गेल्या वर्षी चौऱ्याहत्तर होतं. खरं सांग म्हणालीस म्हणून.

केर्तू

*

स्ट्रासबर्ग, २५ ऑक्टोबर

प्रिय मावशी, प्रिय काका,

ओळ परत लागली! नऊच्या नऊ लाख!

मतदान कसं चालतं ते तुम्हाला सांगायलाच हवं. एका दुपारी शेकडो ओळींवर मत घेतात, हात वर करून, इतक्या भराभर की ओळ वाचायलाही कुणाला फुरसत नसते. म्हणून प्रत्येक सभासदापुढे त्याच्या गटाची यादी असते. ओळीसमोर अधिक असेल तर हात हो म्हणून वर, उणे असेल तर नाही म्हणून. आमच्या गटाची छोट्या ओळींची यादी मी केलेली. अध्यक्ष म्हणाले, "दोनशे चौदा," आणि आमचे एकतीस हात एकदम वर गेले. त्यातल्या तिसांना सीकानिएमी कुठं आहे हेही ठाऊक नाही. त्यांनी फक्त माझं अधिकचं चिन्ह बघितलं.

मला आनंद झाला. आदल्या दिवशी मी ती यादी अकरा वेळा तपासली होती.

अजून दोन पायऱ्या आहेत. नोव्हेंबरात मंत्र्यांच्या बाजूबरोबर बैठक, मग डिसेंबरात शेवटचं मतदान. पण बैठकीत आमच्याकडून राउनो बसणार आहेत, त्यामुळे काळजी नाही.

वेन्ला

*

सीकानिएमी, २ नोव्हेंबर

वेन्ला,

पत्र खोलीत वाचून दाखवलं. विल्हेल्म म्हणाला, "एकतीस हात? आपल्या गावात सगळे मिळून एवढे हात नाहीत." सिर्पानं केक आणला. त्यातला ओइवाला पथ्यामुळे बोटभर मिळाला, त्यावर तो दोन दिवस बोलतोय.

नदी गोठायला लागली आहे. बैठक झाली की लगेच कळव.

केर्तू

*

ब्रुसेल्स, २६ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

बैठक झाली. ओळ पुस्तकात आहे. राउनोंनी काढलेलं पत्रक सोबत जोडते आहे, त्यातही तेच आहे.

सध्या काम फार आहे, म्हणून हे पत्र लहान. काकांना जप.

वेन्ला

*

सीकानिएमी, ४ डिसेंबर

वेन्ला,

तुझ्या पत्रात एकही चूक नव्हती. इतकं लहान पत्र तू सहा वर्षांची असतानाही लिहिलं नव्हतंस. दमलेली दिसतेस. जेवतेस ना वेळेवर?

पत्रक खोलीच्या दारावर लावलंय. 'सीमेवरच्या दवाखान्यांची ओळ वाचवण्यात यश.' राउनोचा फोटो आहे म्हणून हुल्दा म्हणाली, "दिसायला बरा आहे. माझ्या काठचा असता तर मत दिलं असतं." तिला आमच्याकडे मत नाही याचं तिला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

लाक्का बेरीच्या मुरंब्याच्या दोन बरण्या राउनोला पाठवल्या आहेत. यंदा बेरी कमी होती, घरात तीनच बरण्या झाल्या. ओइवा म्हणाला दोन दे, माणसानं शब्द पाळलाय.

वसंतासाठी सिर्पानं नवी गादी मागवली आहे, खिडकीशेजारच्या पलंगावरची. ओइवाला तिथून नदी दिसते.

तुझा कोट पुरेसा गरम आहे का?

केर्तू

*

सीकानिएमी, १७ डिसेंबर

वेन्ला,

आज सिर्पाला जिल्ह्याचं पत्र आलं. एकतीस डिसेंबरला खोली बंद. कारण दिलंय, संघाच्या पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पात निधी नाही.

मी जिल्ह्याच्या कचेरीत फोन केला. म्हटलं, चूक झाली आहे, ओळ पुस्तकात आहे, माझी भाची तिथं काम करते. तिथल्या बाईनं पुस्तक उघडून बघितलं. म्हणाली, "आहे ना ओळ. पण तिच्यासमोर आकडा नाही. नुसती आडवी रेघ आहे."

मी तिला दोनदा वाचायला लावलं. ती कंटाळली असेल.

ही रेघ म्हणजे काय?

केर्तू

*

ब्रुसेल्स, २० डिसेंबर

मावशी,

रेघ म्हणजे पैसे नाहीत. ओळ पुसत नाहीत, नुसती आठवणीपुरती ठेवतात, म्हणजे पुढे कधी कुणाला वाटलं तर त्यात आकडा घालता येईल. इथं सगळ्यांना हे माहीत असतं. मलाही सव्वीस नोव्हेंबरला माहीत होतं. तुला मी 'ओळ पुस्तकात आहे' असं लिहिलं तेव्हा माहीत होतं. ते पत्रकही राउनोंच्या सांगण्यावरून मीच टाइप केलं.

आता सगळं क्रमानं सांगते.

बैठक बावीस नोव्हेंबरला झाली. लांबलचक टेबल, एका बाजूला संसदेची माणसं, समोर मंत्र्यांची. आम्ही मदतनीस आपापल्या साहेबांच्या मागं भिंतीला टेकून बसतो. दुपारी तीनच्या सुमारास छोट्या ओळी आल्या. राउनोंना त्यांच्या शहरातल्या संशोधन केंद्रासाठी दोन कोटी हवे होते, ते मला माहीत होतं. ते केंद्रही आमच्याच यादीत होतं, 'नंतर'मध्ये. मी ते तिथंच ठेवलं होतं, कारण त्याचं काम अजून सुरूही झालेलं नाही. तुमची ओळ मी 'आधी'मध्ये ठेवली होती.

मंत्र्यांच्या बाजूनं एक बाई बोलत होत्या, पिकलेल्या केसांच्या, आवाज शांत. म्हणाल्या, केंद्राचं जमेल, पण बदल्यात छोट्या ओळींतून काहीतरी सोडा. राउनोंनी बोटानं यादी खाली खाली नेली आणि दोनशे चौदावर थांबले. म्हणाले, "ही घ्या."

तर त्या बाईच म्हणाल्या, "ही? हे दवाखाने आहेत ना? पैसे गेले तर तिथल्या माणसांचं काय होईल?"

मावशी, त्या विचारत होत्या. त्यांनाच ती ओळ कापायची नव्हती.

राउनोंनी मागं न बघता हात लांब केला. "वेन्ला, तो अर्ज."

मी दिला. क्षणभर मला वाटलं, आता ते मागं घेतायत, आता सांगतील. मला तेव्हा अभिमान वाटला. हे लिहायला लाज वाटते, पण वाटला.

त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं. "पुढच्या वर्षी पैसे आले नाहीत तर काय होईल? उत्तर: सातही रुग्णांनी सांगितले, निभावून नेऊ." मग अर्ज खाली ठेवून म्हणाले, "हे माझे शब्द नाहीत. त्यांचे आहेत. मी त्या लोकांच्या घरी जेवलोय. फार चिवट माणसं."

टेबलाच्या दोन्ही बाजूंनी माना डोलावल्या. कुणीतरी कौतुकानं हसलंसुद्धा. त्या बाई म्हणाल्या, "तसं असेल तर ठीक," आणि लिहून घेतलं.

मी उठून म्हणायला हवं होतं की आमच्याकडे याचा अर्थ तसा होत नाही. मदतनिसानं बैठकीत बोलायचं नसतं. पण त्यामुळे मी गप्प बसले असं नाही. मनात तेव्हा दुसरंच आलं. ते वाचतायत ते अक्षरन् अक्षर खरं आहे, मग मी खोडून काढू काय?

बाहेर मी त्यांना गाठलं. म्हटलं, "राउनो, तुम्ही शब्द दिला होता."

"आणि पाळला. ओळ ठेवून घेतली ना? साफ पुसायला निघाले होते."

"आकड्याशिवाय?"

"पुढच्या वर्षी बघू आकड्याचं."

"पुढच्या वर्षी त्या सातांतलं कोण उरलेलं असेल?"

तेव्हा ते थांबले. रागावले नाहीत. ते कधीच रागावत नाहीत. म्हणाले, "हे बघ पोरी, नदीकाठी तीन दवाखाने, सगळी मिळून वीस-बावीस माणसं. केंद्रात चारशे नोकऱ्या. क्रम लावायचा म्हणजे हेच असतं. आणि मी एक शब्द खोटा वाचला का? तूच लिहिलास ना अर्ज?"

मी सप्टेंबरात त्यांना विचारायला गेले, तेव्हाच त्यांना त्या वाक्याचा उपयोग दिसला होता. 'जसं आहे तसं ठेव' ते का म्हणाले, हे मला बावीस नोव्हेंबरला कळलं. ते आपल्याच भागातले आहेत, मावशी. त्या शब्दांचा अर्थ त्यांना माझ्याइतकाच कळतो.

अजून एक राहिलं आहे, ते तू विचारलेलं नाहीस. कुणीच विचारणार नाही. म्हणूनच सांगते.

तेरा डिसेंबरला शेवटचं मतदान होतं. दुसऱ्या एका लहानशा गटानं सुधारणा आणली होती, दोनशे चौदामध्ये नऊ लाख परत घाला म्हणून. आमच्या गटाची यादी माझ्याकडेच होती. राउनोंनी सांगितलं, त्या सुधारणेसमोर उणे. मी अधिक टाइप केलं. बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. कुणी तपासणार नव्हतं, माझ्या याद्या तपासायच्या कुणी सोडून दिलंय, इतक्या त्या बिनचूक असतात. मग वाटलं, ही खोटी यादी होईल. एकतीस माणसं डोळे मिटून माझ्यावर विश्वास ठेवतात, त्यांना फसवायचं? मी ते पुसलं आणि उणे केलं.

सुधारणा पडली. बावीस मतं कमी पडली. आमचे हात एकतीस होते.

मी राजीनामा दिला आहे. शनिवारी निघू शकते. मला गाडी चालवता येते. काकांना आठवड्यातून तीनदा शहरात मी नेईन आणि आणीन, जितकी वर्षं लागतील तितकी. हे भरपाई म्हणून म्हणत नाहीये. फक्त मला येऊ दे.

वेन्ला

*

सीकानिएमी, ३० डिसेंबर

वेन्ला,

पत्र चोवीस तारखेला पोचलं. सण होऊन जाऊ दिला आणि मग उत्तर लिहायला बसले.

काय कोणाचं ते आधी वाटून टाकते. 'जे म्हणाले ते लिही' हे मी सांगितलं. तू दोनदा विचारलंस, मी दोन्ही वेळा तेच सांगितलं. ते माझं आहे, त्याचा भार तू घेऊ नकोस. आमचा ताठा आम्हाला नडला. सिर्पाला आणि हुल्दाला मी खरं काय ते एकट्यात सांगितलं. सिर्पा म्हणाली, "केर्तू, एकदा नुसतं 'नाही जमणार' म्हणाला असतात तर?"

राउनोचं म्हणशील तर, तो मोठ्या टेबलावर बसणारा माणूस आहे. मी त्याला एकदा सूप वाढलं, तेवढीच आमची ओळख. त्याच्याबद्दल मला दुःख नाही. मुरंबा गेला तो गेला.

त्या उणेबद्दल मी खूप विचार केला. एकतीस परक्या माणसांना तू फसवलं नाहीस. फसवायला तुझा हात उचलला नाही. तसं असायलाही हरकत नाही, मीच तुला तसं वाढवलं. पण मग त्याआधी सव्वीस नोव्हेंबरला आम्हाला पत्र लिहिताना तोच हात कसा चालला? 'ओळ पुस्तकात आहे.' त्यातही एक शब्द खोटा नव्हता. एकही खोटा शब्द न लिहिता खोटं बोलायला तू शिकलीस, आणि ते पहिल्यांदा वापरलंस ते माझ्यावर. तेव्हा सांगितलं असतंस तर शेवटच्या मतदानाला सतरा दिवस होते. आम्ही त्या पिकल्या केसांच्या बाईला पत्र लिहिलं असतं. हुल्दासुद्धा लिहायला बसली असती. म्हणाली तसं ती परवा, चिडून. काही झालं असतं की नाही, देव जाणे. पण ते सतरा दिवस आमचे होते. आम्ही ते दारावर पत्रक लावण्यात आणि गादी मागवण्यात घालवले.

आता इथली हकीकत. पलीकडच्या काठची माणसं त्यांच्या बाजूच्या शहरात जातील, ते दोनशे किलोमीटरवर आहे. हुल्दा जाणार नाही. तिनं डॉक्टरला सांगितलं, "मी घरीच बरी." डॉक्टरनं समजावून सांगितलं की यंत्राशिवाय किती दिवस निघतील. ती म्हणाली, "मला मोजता येतं." काल मी पूल ओलांडून तिच्याकडे जाऊन आले. तिनं मला कॉफी दिली, वसंतात बागेतल्या रोपांना कुठं काय घालायचं ते सांगितलं, आणि मला रडू दिलं नाही.

ओइवाही आधी तेच म्हणत होता. चार दिवस म्हणत होता. मी त्याला सांगितलं, तू थांबलास तर मी तुला माफ करणार नाही, आणि मी कुणाला माफ करत नाही हे तू एक्कावन्न वर्षं बघतोयस. तेव्हा तो शहरात यायला तयार झाला. इस्पितळापासून चालत जाता येईल अशी एक खोली भाड्यानं घेतली आहे, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते. दोन तारखेला निघतो. रेनडिअर भाच्यांकडे दिले, होडी विकली, घर बंद करतो आहोत. इथं परत राहायला येणं होईल असं मला वाटत नाही.

गाडी चालवायला तू यायची गरज नाही.

ओइवाला मी तुझं काही सांगितलेलं नाही. त्याला वाटतं मंत्र्यांनी कापलं आणि तू शेवटपर्यंत भांडलीस. तो हे खोलीत सगळ्यांना सांगत होता, आणि मी समोर कॉफी ओतत होते. तुझं पत्र आलं का म्हणून रोज विचारतो. मी नाही म्हणते. या घरात मी त्याच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. घर सोडताना शेवटी हेही करून झालं.

एक तारखेनंतर या पत्त्यावर लिहू नकोस. टपालवाला पेटीत टाकून जाईल आणि ते बर्फ वितळेपर्यंत तसंच पडून राहील. नवा पत्ता तुझ्या आईला दिला आहे आणि तुला द्यायचा नाही असं तिला सांगितलं आहे. कधी द्यायचा ते मी ठरवेन. ठरलं तर तुला कळेल. नाही ठरलं तर, तू आता मोठी आहेस, तेही तुला कळेल.

केर्तू